बुधवारचं पाणी

“आज बुधवार हाय ना. मी घरूनच पिऊन आले.”

मंगलचं हे वाक्य माझ्या कानावर आलं तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती आणि मी टेबलावरचे खडू डब्यात भरत होते. तिनं ते शेजारच्या मुलीला सांगितलं. हळू आवाजात नाही, काही लपवून नाही, आज डब्यात भेंडी आहे असं सांगावं तसं. शेजारची म्हणाली, “मी बी.” आणि दोघी बाहेर पळाल्या.

मला त्याचा अर्थ लगेच कळला. मी खडू भरत राहिले.

यापुढचं मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. आणि सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात? मी कुणाला मारलं नाही, कुणाला वाईट बोलले नाही. उलट त्या वर्षी लोक मला फार मायाळू शिक्षिका म्हणायचे. मी होतेही — हे म्हणताना लाज वाटते, पण मी होते. त्या मुलांवर माझा खरंच जीव होता. आणि जे केलं ते त्याच दिवसांत, त्याच मुलांपुढे केलं. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत, हे कसं समजावून सांगू तुम्हाला? सावकाश सांगते. मध्ये मी कडेकडेनं जाईन. ते तुमच्या लक्षात येईल, तरी थांबा.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या. एका खोलीत सरकारी दप्तर आणि शेजारच्या खोलीत घरमालकाची ज्वारी. बदली होऊन आलेले लोक संध्याकाळी खोल्या शोधत हिंडायचे. माझे वडील बांधकाम खात्यात, तेही असेच आले. आम्ही मूळचे भोकरकडचे, पण मी मामाकडे हैदराबादला राहून कॉन्व्हेंटमध्ये शिकले होते. त्यामुळे लातुरात माझी पंचाईत अशी की मराठी बोलले तर लोक गालात हसायचे — “मिस लई सांभाळून बोलतेत” — आणि इंग्रजी बोलले तर समोरचा गप्प व्हायचा. मग मीच गप्प राहायला शिकले. खरं तर शिकावं लागलंच नाही. मी लहानपणापासून तशीच. चार लोकांनी एकदम माझ्याकडे पाहिलं की माझे कान तापतात. अजून तापतात. पण गप्प बसणाऱ्या माणसाला दिसतं फार. कोण कुणाकडे पाहून कुणाशी बोलतंय, कुणाचा हात चहाच्या कपापाशी जाऊन का थांबला — हे सगळं मला दिसायचं, आणि मी ते माझ्यापाशी ठेवायची.

नव्या निघालेल्या इंग्रजी शाळेत मला नोकरी मिळाली ती या इंग्रजीमुळेच. शाळा एका शेतकरी कुटुंबाच्या जागेत भरायची. पत्र्याच्या खोल्या होत्या, आधी तिथं करडईची पोती ठेवत, आणि दुपारी ऊन तापलं की भिंतींतून अजून तो वास यायचा. मागे मालकांचं बोअर. आमची मंगल म्हणजे त्याच मालकांची नात. चौथीचा वर्ग माझ्याकडे होता.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही.

दुष्काळाचं मी तुम्हाला फार काही सांगणार नाही, एकच गोष्ट सांगते, कारण ती पुढे लागणार आहे. आपल्याकडे घरी कुणी आलं की आधी पाणी देतात. बसा म्हणायच्या आधी तांब्या-पेला पुढे येतो. त्या वर्षीही यायचा — पण आलेला माणूस हात आडवा करायचा आणि म्हणायचा, “नको, आत्ताच प्यायलो.” उन्हातून चालत आलेला असायचा, ओठांना भेगा पडलेल्या असायच्या, तरी “आत्ताच प्यायलो”. घरच्यांनाही माहीत असायचं की तो प्यायलेला नाही. कुणी कुणाला उघडं पाडायचं नाही. तांब्या तसाच आत जायचा. त्या वर्षी सगळ्या लातुरात याच्याइतकं सभ्य खोटं दुसरं नव्हतं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला मॉरल सायन्सचा तास दिला होता. कॉन्व्हेंटची मुलगी, हिला येत असेल, असा त्यांचा हिशेब. पुस्तकातला पहिलाच मुलगा बर्फात उभा राहून स्वतःचे हातमोजे एका गरीब मुलाला देत होता. मी धडा वाचला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मिस, हातमोजे म्हंजे?” मी सांगितलं. “मग तो हात खिशात का न्हाई घालत?”

मी पुस्तक मिटलं ते वर्षभर उघडलं नाही. त्याऐवजी मला जे येत होतं ते शिकवायचं ठरवलं, आणि मला येत होतं ते एकच — बघायला. आठवडाभर आजूबाजूच्या माणसांकडे नीट बघायचं आणि शनिवारी उभं राहून सांगायचं, ‘मला दिसलं की...’ नाव घ्यायचं नाही. दिसलं तर काहीतरी करायचं. आणि जे करायचं ते असं, की त्या माणसाला ओशाळं वाटता कामा नये. शनिवारी इंग्रजीची सक्ती नव्हती. मोठ्या बाईंना हे मी सांगितलं नव्हतं.

पहिले दोन शनिवार सगळ्यांना फक्त आई थकलेली दिसली. तिसऱ्या शनिवारी एक मुलगा उठला आणि म्हणाला, “मला दिसलं की एकाच्या चपलेचा अंगठा तुटलाय. तो पाय घासत चालला होता. मग मी बी हळू चाललो.” एवढं बोलून बसला. पुढे एक मुलगी म्हणाली, “आजी चहा मागत न्हाई, नुसती चुलीकडं बघत बसती. मग मीच म्हणले, मला चहा पाहिजे.” मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले होते, कारण माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, मला आयुष्यात काहीतरी करता आलं.

आणि मग सुजाता.

सुजाता चौथीत आमच्याकडे नवीन आली. वडील नव्या कलेक्टर कचेरीत कारकून, आई घरी शिवणकाम करायची, माणसं देवणीकडची. बारीक, सावळी, दोन वेण्या वर बांधलेल्या. बोलायची कमी, पण लाजून नाही — आधी बघून घ्यायचं मग बोलायचं, अशी तिची रीत. तिचा पहिला शनिवार मला शब्द न् शब्द आठवतो. “मला दिसलं की एक पाहुणा आत्ताच प्यायलो म्हणला. पर तो खोटं बोलत होता. बोलताना ओठ एकमेकांला चिकटत होते. पाणी प्यालेल्याचे चिकटत न्हाईत.” मी विचारलं, मग तू काय केलंस? “मी आमसुलाची गोळी दिली. म्हणले, आमच्या मामानं आणली, खाऊन बघा. गोळी खाल्ल्यावर पाणी लागतंच. मग पाणी दिलं तर घेतलं त्यांनी.”

तुम्हीच सांगा, याहून पुढचं मी तिला काय शिकवणार होते? तरी मी शिकवलं. मी वर्गाला म्हटलं, त्या पाहुण्याचं खोटं वाईट नव्हतं. दुसऱ्याला त्रास नको म्हणून बोललेलं होतं. असं खोटं बोलणाऱ्याला आपण ओळखायचं, पण उघडं पाडायचं नाही. मुलांनी माना डोलावल्या. मंगलनंही डोलावली.

हे मी शिकवलं. लक्षात ठेवा.

नंतरच्या एका शनिवारी सुजाता म्हणाली, “मला दिसलं की एक जण वर्गाच्या दाराबाहेर थांबतं. एकदा श्वास घेतं, मग आत येतं.” मी विचारलं, मग? “मग मी सगळ्यांच्या आधी गुड मॉर्निंग म्हणते. म्हंजे त्यांना सुरुवात करावी लागत न्हाई.” वर्गाला कोण ते कळलं नाही. मला कळलं. ती रोज सकाळी घाईघाईनं, सगळ्यांच्या आधी, जवळजवळ ओरडून गुड मॉर्निंग म्हणायची, आणि मला वाटायचं, नवीन मुलगी आहे, उत्साही आहे. माझ्या लाजरेपणाबद्दल शाळेत असल्यापासून सगळ्यांनी मला नुसतं सांगितलं होतं. त्याची सोय या एका मुलीनं केली.

पाण्याचं असं होतं. मालकांच्या बोअरला सकाळी थोडा वेळ पाणी यायचं, त्यातून आमच्या वर्गातलं पिंप भरलं जायचं आणि ते दिवसभर पुरवायचं. मुलं स्वतः घ्यायला लागली की सांडायची. म्हणून मी वार लावून दिले. ज्याचा वार त्यानं मधल्या सुट्टीत लांब दांड्याच्या ओगराळ्यानं प्रत्येकाचा पेला भरायचा. यातही माझा धडा होता: देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, ज्याला जास्त तहान त्याला आधी, आणि आपण सगळ्यांत शेवटी. मुलांना हे काम फार मानाचं वाटायचं. बुधवार सुजाताचा.

दिवाळीपर्यंत बुधवार इतर वारांसारखेच होते. सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मी सगळ्यांना उभं करून विचारलं, सुट्टीत कुठे गेलात, इंग्रजीत सांगा. मंगल रेणापूरला मावशीकडे गेली होती. कुणी नांदेडला. सुजाता म्हणाली, दसऱ्याला आम्ही नागपूरला गेलो. दीक्षाभूमीला. आईनं पांढरी साडी नेसली होती. इतकी माणसं होती की आम्ही जमिनीवर झोपलो आणि मला ते फार आवडलं. सगळं तिनं इंग्रजीत, एकदाही न अडखळता सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या, वर्गालाही वाजवायला लावल्या.

मुलांनी घरी जाऊन सांगितलं असणार. घरी काय बोलणं झालं मला माहीत नाही — कदाचित फार काही नाही. एखादं “असं होय”. एखादी वर गेलेली भुवई. मुलांना तेवढं पुरतं. आणि भुवया वाचायला तर मीच शिकवत होते.

त्यानंतर बुधवारी तहान कमी झाली. एकदम नाही. आधी मंगल आणि तिच्या बाकावरची, मग मागचे दोन बाक. “नको, आत्ताच प्यायलो.” “घरूनच पिऊन आलो.” हसून म्हणायचे, गोड आवाजात. कुणी चिडवलं नाही, कुणी वेडंवाकडं बोललं नाही. मंगल तर सुजाताला तिच्या शेतातली बोरं आणून द्यायची, दोघी एका दोरीवर उड्या मारायच्या. फक्त बुधवारचं पाणी तेवढं नाही. हे दोन्ही एका मुलीत कसं राहायचं? मला कशाला विचारता — माझ्यातही राहतच होतं.

सुजाता पिंपाशी उभी राहायची. शाळा सुटली की उरलेलं पाणी दाराशी लावलेल्या कडुलिंबाच्या रोपाला घालायची. त्या उन्हाळ्यासारख्या हिवाळ्यात अंगणात ते एकच रोप हिरवं होतं. मोठ्या बाई एकदा कौतुकानं म्हणाल्या, “बाई, तुमच्या वर्गाचं रोप बघा कसं तरारलंय.”

एका बुधवारी पिंपाचं झाकण लावता लावता सुजाता मला म्हणाली, “मिस, माझ्या दिवशी कुणाला तहानच लागत न्हाई.” तक्रार नव्हती. जणू तिला दिसलेली आणखी एक गोष्ट ती सांगत होती. मी म्हटलं, “थंडी आहे ना.” ती “हाव” म्हणाली.

मी काहीच केलं नाही असं नाही. मी गोष्ट सांगितली. एका झाडावरचे पक्षी एका पक्ष्याला खेळायला घेत नाहीत अशी काहीतरी, मीच रचलेली. शेवटी विचारलं, आपण काय शिकलो? सगळ्यांत चांगलं उत्तर मंगलनं दिलं: “कुणाला एकटं वाटू द्यायचं न्हाई.” तिनं ते मनापासून म्हटलं होतं. मी तिला शाबासकी दिली. पक्ष्यांबद्दल बोलणं सोपं होतं. पिंपाकडे बोट दाखवायचं मला जमलं नाही.

आता ते सांगते.

शिमग्याच्या आधीचे दिवस. ऊन इतकं की मुलं मधल्या सुट्टीत बाहेर जात नव्हती, वर्गातच डबे खायची. माझा घसा धुळीनं बसला होता. सकाळपासून मी जवळजवळ कुजबुजत शिकवत होते. बुधवार होता. सुजाता पिंपाशी उभी होती आणि तिच्यासमोर कुणी नव्हतं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग एक पेला घेतला, भरला, फ्रॉकच्या घेरानं त्याचं बूड पुसलं, आणि दोन्ही हातांत धरून माझ्या टेबलापाशी आली.

“मिस, तुमचा घसा बसलाय. सकाळपासून बसलाय.”

वर्गातलं चावणं थांबलं. मी खोटं सांगत नाही, ते थांबलेलं ऐकू आलं. मंगल पहिल्या बाकावर, हातात भाकरीचा तुकडा. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. पेला माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. पाण्यावर पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा हलत होता, तो मला आत्ताही दिसतो.

माझे कान तापले. आणि मी म्हटलं —

“नको गं. आत्ताच प्यायले.”

सुजातानं माझ्या ओठांकडे पाहिलं. मग म्हणाली, “बरं, मिस.” पेला घेऊन बाहेर गेली आणि रोपाच्या मुळाशी ओतला. हळूहळू ओतला, थेंबही बाहेर जाऊ न देता. आत चावणं पुन्हा सुरू झालं.

इतकंच. एका पेल्याची गोष्ट. पण तुम्ही इथवर आला आहात तर तुम्हाला दिसत असेल, तो पेला मी घेतला असता तर काय झालं असतं. मिस प्यायल्या. बस्स. पुढच्या बुधवारी निम्मा वर्ग प्यायला असता. मुलं पक्ष्यांच्या गोष्टीतून शिकत नव्हती, माझ्याकडे बघून शिकत होती, आणि मी त्यांना तेच तर सांगितलं होतं: बघा.

यानंतर कित्येक वर्षं मी मनात कारणं मांडत आले. बोअर मालकांचं होतं, मंगल घरी सांगेल, पाणी बंद झालं तर शाळेचं काय. किती शहाणी कारणं! पण मालकांनी मला कधी काही म्हटलं नव्हतं. त्यांच्या घरात कुणीच म्हटलं नव्हतं. मी तो पेला घेतला असता तर कदाचित त्यांनीही एक भुवई वर केली असती आणि बोअर चालू राहिलं असतं. मला माहीत नाही, कारण मी ते कधी करून पाहिलंच नाही. नाही — कारण ते नव्हतंच. कारण एवढंच की सगळे बघत होते. वर्ग रिकामा असता तर मी तो पेला घटाघटा प्यायले असते, तिच्या डोक्यावरून हात फिरवला असता. आणि रिकाम्या वर्गातल्या त्या घोटांचा तिला काय उपयोग होता?

शनिवार आला. सुजाता उभी राहिली. मी खाली बघत होते.

“मला दिसलं की एकाला सगळे आपल्याकडं बघायलेत हे आवडत न्हाई. मला आधी ठाऊक होतं, तरी मी सगळ्यांपुढं त्यांना एक वस्तू दिली. मग त्यांना अवघड झालं. माझं चुकलं. आता मी सगळ्यांपुढं देणार न्हाई.”

माझ्या तीनही नियमांत बसणारं होतं ते. नाव नाही. काहीतरी केलेलं. आणि मला ओशाळं वाटू नये म्हणून चूक स्वतःकडे घेतलेली. मी काय म्हणायला हवं होतं, हे तुम्हाला कळतंय, मलाही कळत होतं. मी म्हटलं, “छान. बस.”

सोमवारी ती टेबलापाशी आली. “मिस, मला पाण्याऐवजी फळा पुसायचं काम द्या. माझा हात दुखतो ओगराळ्यानं.” मी लगेच दिलं. इतक्या लगेच, की तिनं वाक्य पुरतं संपवलंही नव्हतं. वर म्हटलं, फळ्याचं काम तर जास्त महत्त्वाचं. मला हलकं वाटलं — हेही सांगते. त्या दिवशी घरी जाताना मला हलकं वाटत होतं.

बुधवार दुसऱ्या मुलाला दिला. पिंप सुट्टीतच रिकामं व्हायला लागलं. रोपाला घालायला काही उरेना. एप्रिलात ते वाळलं.

निकालाच्या दिवशी सुजाताची आई आली. निकाल बघितला, घडी करून पिशवीत ठेवला, पण गेली नाही.

“मिस, एक विचारू का? पाण्याचं काम सोडलं म्हणती पोरगी. हात दुखतो म्हणती.” पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाली, “घरी तर भरली कळशी उचलती. तिनं सोडलं, का सोडवलं?”

“तिनंच मागितलं बदलून,” मी म्हटलं.

शब्दाशब्दानं खरं होतं. त्या माउलीनं माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की ओठ वाचायला सुजाता कुणाकडून शिकली. “बरं,” ती म्हणाली. “तुमच्यावर लई जीव हाय तिचा.” आणि पदर सावरून गेली. त्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. मी गेले नाही भेटायला. घर माहीत होतं.

पुढे माझं लग्न झालं, मी नांदेडला आले, इथल्या एका शाळेत लागले. शनिवार इथंही सुरू ठेवले. ‘मला दिसलं की...’ मुलं अजून उठून सांगतात, आणि अजून मला कधीकधी फळ्याकडे तोंड करावं लागतं. पालक मला मायाळू म्हणतात. तेव्हा मी काहीतरी आवरायला घेते.

आमच्या शाळेत दरवर्षी अध्यापक विद्यालयाच्या मुली पाठ घ्यायला येतात. यंदा माझ्या वर्गावर एक मुलगी आली. मी मागच्या बाकावर बसले होते. ती आत येण्याआधी दाराबाहेर थांबली, एकदा श्वास घेतला, मग आली. पाठ भूगोलाचा होता, पण तिनं आधी वर्गभर नजर फिरवली आणि खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येणाऱ्या एका मुलाला, काही न बोलता, नकाशा धरायला पुढे बोलावून सावलीत उभं केलं. त्याला वाटलं, आपल्याला मान मिळाला. मी तिच्या वेण्या शोधत होते; आता एकच होती, लांब.

पाठ संपल्यावर ती शिक्षकखोलीत आली. सगळ्याजणी डबे उघडून बसल्या होत्या. “मिस, ओळखलंत का? मी सुजाता. लातूरची.” मी ओळखलं होतं, मान हलवली. तीच बोलत राहिली, मला सुरुवात करावी लागू नये म्हणून. वडील आता इथंच कचेरीत आहेत, आईचं शिवणकाम जोरात आहे, आणि ती पाठ घ्यायला जाते त्या प्रत्येक वर्गात निघताना दोन मिनिटं शनिवारचं करते. “आमचे कॉलेजातले सर ओरडतात, वेळ वाया घालवते म्हणून. पण मी तुमचंच सांगते — आमच्या मिसनी शिकवलंय.”

माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, “अगं, हिनं तर तुझ्याबद्दल कधीच सांगितलं नाही आम्हाला. इतकी गुणाची विद्यार्थिनी!”

सुजाता हसली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “मिस, घसा अजून बसतो का तुमचा?” आणि उत्तराची वाट न बघता कोपऱ्यातल्या माठाकडे गेली, पेला भरला, पदरानं बूड पुसलं, आणि दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे आली.

खोलीत बोलणं चालू होतं, कुणी लोणचं मागत होतं. कुणाचं विशेष लक्ष नव्हतं. मी पेला घेतला आणि सगळा प्यायले, एका दमात. शेजारच्या बाई म्हणाल्या, “काय गं ही तहान!” आणि सगळ्याजणी हसून माझ्याकडे बघायला लागल्या.

सुजातानं रिकाम्या पेल्यासाठी हात पुढे केला. मी पेला सोडला नाही. माझे कान तापले होते. मी दारापाशी घेते तसा एकदा श्वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, “सुजाता, त्या बुधवारी आत्ताच प्यायले म्हणाले, ते खोटं होतं. सकाळपासून प्यायले नव्हते. सगळे बघत होते, म्हणून मी तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही.”